१६ रंगांत संत्रा बसत नाही

ईजीए म्हणजे जुन्या आयबीएम पीसीचं ग्राफिक्स कार्ड, त्याचे ते १६ रंग एकदा नीट बघा. काळा, निळा, हिरवा, सायन, लाल, मॅजेंटा, तपकिरी, फिका करडा, मग गडद करडा, आणि त्यानंतर निळ्या-हिरव्या-सायन-लाल-मॅजेंटाचे उजळ शेड, शेवटी पिवळा आणि पांढरा. संपली यादी. यात नारिंगी कुठंच नाही, आणि ज्याला नागपूरवर गेम बनवायचा आहे त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही हो.

मी सध्या एक छोटा ॲडव्हेंचर गेम बनवतोय, कळमन्याच्या मार्केटमध्ये पहाटे सुरू होतो, पोरगा मामासोबत संत्र्याच्या गाडीवर बसून आलेला असतो आणि लिलाव सुरू व्हायच्या आत त्याला एक हरवलेली पावती शोधायची असते. गेम चालतो एजीआयवर, आणि त्यात हेच १६ रंग. एजीआय म्हणजे सिएराचं जुनं ॲडव्हेंचर गेम इंटरप्रिटर, १९८४ ला आयबीएम पीसीज्युनियरसाठी किंग्ज क्वेस्ट आला त्याच्यामागचं इंजिन, बाणाच्या कीनं हीरो चालवायचा आणि खाली कमांड टाइप करायची असं. आजकाल यापेक्षा सोपी शंभर टूल्स मिळतात हे मला माहीत आहे, पण मला या इंजिनमधली चित्रं काढायची पद्धत मनापासून आवडते, त्यावर पुढं सांगतोच.

मारबतीचा, म्हणजे नागपुरात निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा सीन आधी काढला होता आणि तो १६ रंगांत एकदम झकास जमला. पिवळी मारबत ईजीएच्या पिवळ्यात, काळी मारबत काळ्यात, मागं गर्दी करड्या-तपकिरी रंगात, वर थोडा मॅजेंटा गुलाल. जणू त्या पॅलेटसाठीच मारबत निघते. म्हणून वाटलं की बाकीचं पण होऊन जाईल. मग कळमन्याचा सीन घेतला, संत्र्याचे ढीग काढले उजळ लाल रंगात कारण तोच त्यातल्या त्यात जवळचा वाटला, आणि मामाजींना दाखवला. मामाजी काटोलचे, घरची बाग आहे, त्यांनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "हे तं टमाटर होय बे. संत्रा असा रायते का कधी?" पिवळा करून दाखवला तर म्हणे मोसंबी. तपकिरी करून दाखवला तर म्हणे चिकू.

आणि ते बरोबरच बोलत होते. ईजीएचा तपकिरी हाच खरं तर नारिंगीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे, लाल १७०, हिरवा ८५, निळा ०. तो मुळात गडद पिवळा व्हायला हवा होता, १७०-१७०-०, पण तो रंग दिसायला फारच कसातरी, म्हणून आयबीएमच्या कलर मॉनिटरमध्येच एक खास सर्किट ठेवलं होतं जे त्या एका रंगात हिरवा अर्धा करायचं आणि म्हणून तपकिरी मिळायचा. म्हणजे एका रंगासाठी मॉनिटरमध्ये वेगळी सोय केली, नारिंगीसाठी कोणी केली नाही.

मग मामाजींनी अजून एक गोष्ट सांगितली आणि खरं काम तिथं सुरू झालं. "आता नोव्हेंबरात जो अंबियाचा माल येते नं, तो सारा एका रंगाचा नसते. देठापाशी हिरवा रायते, कुठी पिवळा, कुठी लालसर. थंडी लागली का रंग चढते." अंबिया बहार साधारण ऑक्टोबरपासून तोडणीला येतो तेव्हा पुष्कळ फळं हिरवट-पिवळीच असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमधला मृग बहार रंगानं जास्त भरलेला असतो कारण तोवर झाडानं थंडी पाहिलेली असते. माझा गेम नोव्हेंबरात घडतो. म्हणजे मला एक नारिंगी नाही, हिरवटपासून गडद नारिंगीपर्यंत पाच-सहा शेड पाहिजे होते, आणि सावलीचा एक वेगळा.

डिदरिंग करून बघितलं, लाल आणि पिवळा एक सोडून एक. पण एजीआयचं चित्र आडवं फक्त १६० पिक्सेल असतं, प्रत्येक पिक्सेल डबल रुंद दिसतो, त्यात बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन एवढे मोठे दिसतात की ढीग नाही, चादर वाटते. सिएरानं १९८८ ला पुढचं इंजिन आणलं एससीआय नावाचं, किंग्ज क्वेस्ट ४ त्यावर आहे, त्यात आडवे ३२० पिक्सेल होते आणि दोन रंग मिसळून तिसऱ्याचा भास करायची सोय इंजिनमध्येच होती, तिथं ते शोभतं. एजीआयमध्ये नाही. म्हणून ठरवलं की इंजिनलाच जास्त रंग शिकवायचे.

सी मध्ये लिहिलेलं एक जुनं ओपन सोर्स इंटरप्रिटर घेतलं, जे मूळ इंटरप्रिटरसारखंच आतून काम करतं, आणि रंग कुठं कुठं साठवलाय ते शोधत बसलो. आता इथं समजून घ्यायची गोष्ट अशी की एजीआयमध्ये दोन पडदे असतात. एक आपल्याला दिसतो तो, आणि दुसरा प्रायोरिटीचा, जो दिसत नाही पण हीरो कशाच्या मागं जाईल, कुठं अडेल, कुठं पाणी आहे हे सगळं तोच सांगतो. प्रायोरिटीत ० ते ३ हे कंट्रोल, म्हणजे पूर्ण अडथळा, सशर्त अडथळा, ट्रिगर आणि पाणी, आणि ४ ते १५ म्हणजे मागून पुढं येत जाणारे पट्टे. ४ सगळ्यात मागं. म्हणून तर संत्र्याच्या ढिगाला जास्त प्रायोरिटी दिली की पोरगा त्याच्या मागून चालला तर कमरेपर्यंत झाकला जातो, वेगळा कोड लिहायची गरज नाही.

आणि हे दोन्ही पडदे एकाच बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एकाच जागेत आहेत! एका बाइटचे खालचे ४ बिट रंग, वरचे ४ बिट प्रायोरिटी. १६० गुणिले १६८ म्हणजे २६,८८० बाइट, बस. वेगळे ठेवले असते तर ५३,७६० लागले असते, आणि १२८ केबीच्या मशीनवर तेवढी चैन कोण करू देणार. १६ रंग आणि १६ प्रायोरिटी, दोघं मिळून एक बाइट, इतकं घट्ट बसवलंय की बघून हात जोडावेसे वाटतात. पण म्हणूनच नुसतं पॅलेट मोठं करून काही होत नाही. समजा मी नारिंगीला २२ नंबर दिला. २२ म्हणजे १६ अधिक ६. खालच्या ४ बिटात ६ जाईल, म्हणजे परत तपकिरीच, आणि वरचा १ जाऊन प्रायोरिटीत मिसळेल. तिथं ४ असेल तर ५ होईल. म्हणजे मागच्या भिंतीवर नारिंगी बोर्ड रंगवला तर तो चिकूच्या रंगाचा तर दिसेलच, वरून भिंत सोडून एक पट्टा पुढं येईल आणि मागं उभ्या माणसाला कापेल. रंगाची चूक आणि चालण्याची चूक एकाच जागी, आणि बघणारा शोधत बसेल की कापतंय काहून.

म्हणून पहिलं काम हेच, दोन पडदे कायमचे वेगळे केले. दोन बफर, रंगाला पूर्ण बाइट, प्रायोरिटीला पूर्ण बाइट. आता मेमरीचा प्रश्नच नाही. पण सोर्समध्ये जिथं जिथं खालचे ४ बिट काढलेत किंवा वर ४ बिट सरकवलेत ती प्रत्येक ओळ हातानं बघावी लागली, रेषा काढणं, फिल म्हणजे बंद जागेत रंग भरणं, पेन, स्प्राइट (हीरोसारखी हलणारी चित्रं) काढायच्या आधी मागचा भाग जपून ठेवणं, तो परत लावणं, स्प्राइट कायमचा चित्रात चिकटवणं. यात शॉर्टकट नाही, सर्च मारून एकेक वाचायचं.

आता चित्रांचं. इथंच मला हे इंजिन एवढं का आवडतं ते सांगतो. एजीआयचं चित्र म्हणजे फोटोसारखे पिक्सेल नसतात, कमांडची यादी असते, हा रंग घे, इथून इथपर्यंत रेष मार, इथं फिल कर, इथं पेन टेकव. पूर्ण सीन काही केबीत बसतो. या फॉरमॅटमध्ये नियम असा की २४० किंवा त्यावरचा कुठलाही बाइट म्हणजे कमांड, आणि २४० च्या खालचा म्हणजे त्या कमांडचा डेटा. एक्स जास्तीत जास्त १५९, वाय जास्तीत जास्त १६७, म्हणजे कोऑर्डिनेट कधीच कमांडला धडकत नाहीत. आणि रंग बदलायची कमांड २४०, तिच्यानंतर एक बाइट रंगाचा. पूर्ण बाइट! त्यात ते लोक ० ते १५ च लिहायचे, पण जागा २३९ पर्यंत आहे. म्हणजे फॉरमॅटमध्ये एक अक्षर न बदलता २४० रंग चालू शकतात, १९८४ पासून ती जागा तशीच रिकामी पडून आहे. हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरात एक चक्कर मारून आलो, एवढा आनंद झाला.

(एक सांगून ठेवतो, ही गोष्ट व्हर्जन २ च्या चित्रांची. व्हर्जन ३ मध्ये कॉम्प्रेशनसाठी त्या रंगाच्या बाइटचा पण अर्धाच ठेवलाय, तिथं हे चालत नाही. मी २ वरच आहे.)

पॅलेट कुठं ठेवायचं हा पुढचा प्रश्न. वेगळी फाइल करता आली असती, पण कमांडच्या यादीत २४० ते २५० वापरात आहेत, २५५ म्हणजे चित्र संपलं, मधले मोकळे. मग २५१ ला मी पॅलेटची कमांड केली, तिच्यामागं चार बाइट, नंबर, लाल, हिरवा, निळा. आणि रंगाची किंमत ० ते ६३ ठेवली, ईजीएनंतरच्या व्हीजीए ग्राफिक्ससारखी. १९८७ च्या व्हीजीएत प्रत्येक रंगाला ६ बिट असायचे, म्हणून एकूण २,६२,१४४ रंगांतून २५६ निवडता यायचे. ६३ हे २४० पेक्षा खाली आहे, त्यामुळं तोच जुना नियम इथंही मोडत नाही. ८ बिटात नेताना मात्र नुसतं ४ नं गुणायचं नाही, नाहीतर ६३ चा २५२ होतो आणि पांढरा किंचित मळका दिसतो, वरचे २ बिट परत खाली जोडायचे म्हणजे पूर्ण २५५ मिळतो. माझा मुख्य नारिंगी ६३-३५-५ आहे, तो स्क्रीनवर २५५-१४२-२० होतो. हा आकडा मामाजींसमोर बसून ठरवलाय, टोपलीतला संत्रा स्क्रीनला लावून.

पॅलेट चित्राच्या आतच ठेवल्याचा एक फायदा आपोआप मिळाला. एजीआय गेम सेव्ह करताना चित्र सेव्ह करत नाही, कुठली चित्रं लोड केली, काढली, वर काय चिकटवलं याची नोंद ठेवतं आणि रिस्टोर केलं की सगळं परत पहिल्यापासून काढतं. म्हणजे रिस्टोर झाल्यावर पॅलेट पण त्याच ओघात परत लागतं. सेव्ह गेमच्या कोडला मला हातच लावावा लागला नाही.

आता ढीग. एजीआयमध्ये पेन असतं, साइज ठरवता येते, गोल की चौकोनी ते ठरवता येतं, आणि शिंतोडे मारल्यासारखं टेक्स्चर पण देता येतं, जुन्या गेममधली झाडांची पानं बहुतेक त्यानंच काढलेली असायची. मी गोल पेन घेतलं, छोटी साइज, टेक्स्चर बंद. आता एक टेकवलं की एक संत्रा. आणि एका टेकवण्याला लागतात फक्त २ बाइट, एक्स आणि वाय. आधी पूर्ण ढीग सावलीच्या रंगात भरून घ्यायचा, मग त्यावर मागच्या रांगेपासून गडद नारिंगी, मग मुख्य नारिंगी, मग मधेमधे पिवळट, आणि शेवटी अगदी थोडे हिरवट, ते पण सारखे अंतर न ठेवता. कारण कळमन्यात बघितलं तर हिरवी फळं एकसारखी पसरलेली नसतात, एका बाजूला जास्त असतात, जशी गाडी रिकामी झाली तशी. ते तसं टेकवलं आणि एकदम कळमना दिसायला लागला. पूर्ण ढिगाला १ केबी पण लागत नाही.

फिलची एक अट मात्र लक्षात ठेवावी लागते, एजीआयचं फिल फक्त पांढऱ्यावर, म्हणजे १५ नंबरवरच पसरतं, कारण कोरं पान म्हणजे पांढरं. ती अट मी बदलली नाही. बदलली असती तर जुनी चित्रं फुटली असती. मग आकाशासारखे शेड काढायचे तर प्रत्येक शेडची आधी त्याच रंगात सीमारेषा मारायची आणि मधलं भरायचं. वेळ लागतो पण हात बसतो. आणि आकाशासाठी तर जास्त रंग लागणारच होते, आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी आकाश निळं कुठं असतं, बर्डीवर उभं राहून वर बघा, पांढरट-पिवळसर धुरकट असतं, आणि तो रंग ईजीएत नव्हता. झिरो माइलच्या दगडाचा पण नव्हता.

स्प्राइटचं काम वेगळं निघालं. हीरो, माणसं, बैल, ही सगळी व्ह्यू रिसोर्समध्ये असतात आणि तिथं रंग खरंच ४ बिटात कोंबलेला आहे, एका बाइटचे वरचे ४ बिट रंग, खालचे ४ बिट तो रंग किती पिक्सेल चालवायचा ते, आणि ० आला की ओळ संपली. इथं रिकामी जागा नाही. फॉरमॅट बदलावाच लागतो. मग मी नव्या व्ह्यूत लांबीचा एक बाइट आणि रंगाचा एक बाइट असं वेगळं केलं, ट्रान्स्परन्ट रंगालाही पूर्ण बाइट दिला. नवा व्ह्यू ओळखायचा कसा, तर व्ह्यूच्या अगदी सुरुवातीचे २ बाइट इंटरप्रिटरच्या काही कामाचे नसतात, तिथं खूण ठेवली. ही युक्ती माझी नाही, एजीआय२५६-२ नावाचा जुना फॅन हॅक आहे त्यानं हीच जागा वापरली, आणि जुने ॲडव्हेंचर गेम आजच्या मशीनवर चालवणाऱ्या स्कमव्हीएममध्ये आजही तो ओळखला जातो. त्याचा आधीचा भाऊ एजीआय२५६, त्यात पूर्ण चित्रच कच्च्या पिक्सेलचं, २६,८८० बाइटचं लावता येतं. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, पण मला ती वाट नको होती. चित्र कच्च्या पिक्सेलचं झालं की मग त्यात आणि कुठल्याही फोटोत फरक काय राहिला, रेष मारून भरलेल्या सपाट रंगात जी एक ठेवण येते ती जाते. रंग वाढवायचे होते, हात बदलायचा नव्हता.

जुने गेम जसेच्या तसे चालले पाहिजेत ही माझी पहिल्यापासूनची अट. म्हणून पहिले १६ रंग मी बांधूनच टाकलेत, २५१ कमांडनं १६ च्या खालचा नंबर मागितला तर इंजिन ऐकतच नाही. आणि तपासायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो एकच चित्र जुन्या आणि नव्या दोन्ही इंजिनमध्ये काढतो आणि जुन्याचा जोडबाइट फोडून नव्याच्या दोन बफरशी पिक्सेल-पिक्सेल जुळवतो. रंग पण आणि प्रायोरिटी पण. माझ्याकडच्या जुन्या चित्रांत एकही पिक्सेल हलला नाही तेव्हाच पुढं गेलो. कोणाला असं काही करायचं असेल तर आधी हा प्रोग्रॅम लिहा, मग इंजिनला हात लावा.

२४० रंग मिळाले म्हणून सगळे वापरायचे असं मात्र मी करत नाहीये. कळमन्याच्या सीनमध्ये जुने १६ सोडून १० च्या आसपास नवे रंग आहेत, त्यातले अर्ध्याहून जास्त संत्र्याचे. पोतं अजून तपकिरीच आहे, हमालाचा शर्ट उजळ निळाच आहे, कारण ते रंग तिथं बरोबर बसतात आणि शेजारी ते कडक जुने रंग असले की नारिंगी अजून उठून दिसतो. सगळंच मऊ आणि खरंखुरं केलं तर संत्र्याकडं कोणी बघणार नाही.

अक्षरांचे रंग मी १६ वरच ठेवलेत. तिथं पण अक्षर आणि मागचा रंग असे दोन मिळून एकच बाइट आहे, तो फोडला तर मेन्यू, मेसेजची खिडकी, इनपुटची ओळ सगळं उघडावं लागेल, आणि पांढऱ्या खिडकीवर काळी अक्षरं आणि लाल बॉर्डर याला धक्का लावायचं मला काही कारण दिसत नाही. आता पुढं २२४ ते २३९ हे नंबर मी राखून ठेवलेत, पॅलेट फिरवण्यासाठी, म्हणजे चित्र परत न काढता फक्त रंग गोल फिरवून फुटाळा तलावाचं पाणी हलवता येतं का ते बघायचं आहे. त्यासाठी २५२ नंबरची कमांड मोकळी आहे, पण ती सेव्ह-रिस्टोरमध्ये नीट बसते का, फिरता फिरता मधेच सेव्ह केलं तर कुठून सुरू व्हायला पाहिजे, ते अजून ठरवतोय.